ऑइल कूलरच्या मानेवरची भेग

मित्रांनो, विमान दिसलं की तुमची नजर आधी पंखांवर जाते आणि मग पुढच्या गरगरणाऱ्या पंख्यावर. नाकाखाली, पत्र्याच्या आड मी बसलेला असतो, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. मी एका छोट्या, घरी बांधलेल्या विमानाचा ऑइल कूलर. वयानं जुना, दिसायला साधा, मोटारीच्या रेडिएटरचा धाकटा भाऊ शोभावा असा. पण माझ्यामुळे दोन माणसांचा जीव कसा टांगणीला लागला, ते ऐकलंत तर माझ्यासारख्या वस्तूंकडे तुम्ही जरा वेगळ्या नजरेनं पाहाल.

आधी माझं काम सांगतो. तुमच्या घरच्या मोटारसायकलच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. रोटरी इंजिनात पिस्टन नसतोच. फुगीर बाजूंचा एक तिकोनी लोखंडी ठोकळा त्याच्या पोकळीत गरागरा फिरत राहतो. हे इंजिन लहान, हलकं आणि ताकदीचं असतं, म्हणून घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांना ते आवडतं. पण ते तापतंही फार, आणि त्या उष्णतेचा बराच मोठा वाटा तेल वाहून नेतं. ते कढत तेल एका होजपाइपातून माझ्याकडे येतं, माझ्या चपट्या नळ्यांतून फिरतं, नळ्यांमधल्या पातळ पाकळ्यांतून वारा जातो, आणि निवलेलं तेल दुसऱ्या पाइपातून माघारी जातं. मी फुटलो, तर तेल बाहेर. तेल गेलं, की थोड्याच वेळात इंजिन जाम होतं. रस्त्यावर अशी गाडी कडेला घेता येते. आकाशात कडेला घ्यायला जागा नसते.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. एका लाल मोटारीत मी बरीच वर्षं काढली. ते दिवस बरे होते. मग एके दिवशी मागून एका ट्रकनं मोटारीला चेपलं आणि ती मोडीत निघाली. इंजिनाला आणि मला काही झालं नव्हतं, म्हणून आम्हा दोघांना एका लाकडी पेटीत घालून बोटीवर चढवलं. पेटीत अंधार होता आणि समुद्र सारखा हेलकावे देत होता. आपल्याला कुठे नेताहेत, कशासाठी नेताहेत, काही कळत नव्हतं. भीती म्हणजे काय, ते मी तिथे शिकलो.

पेटी उघडली तेव्हा कऱ्हाडजवळच्या मलकापुरात होतो. समोर पत्र्याची मोठी शेड, तिच्या मागे उसाची हिरवी भिंत, आणि माझ्यावर वाकलेले दोन चेहरे. एक होते वीरधवलकाका. लष्कराच्या हेलिकॉप्टरांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले हवालदार, शेड त्यांचीच. दुसरी होती प्रियदर्शनी. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती शिकवत असे. विमान चालवण्याचा परवाना तिनं मिळवला होता, आणि आता स्वतः बांधलेलं विमान उडवायचं असं तिनं मनाशी धरलं होतं.

"काका, हाच तो कूलर," ती म्हणाली आणि तिनं मला दोन्ही हातांनी उचललं. "आपल्या इंजिनाचा जोडीदार."

"दिसतोय झकास," काका म्हणाले. "पन आधी धुऊन बघू. आत काय घान असंल तर वर गेल्यावर कळून उपेग न्हाई."

त्यांनी मला धुतलं, हवा भरून पाण्यात बुडवलं, बुडबुडे येतात का पाहिलं. एकही आला नाही. मला फार बरं वाटलं.

दर रविवारी शेडमध्ये आणखी एक माणूस येई. प्रियदर्शनीचे वडील, तात्यासाहेब. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचा बेदाण्याचा व्यापार. मुलगी त्यांना अण्णा म्हणायची. येताना ते जेवणाचा डबा आणत आणि शेडच्या दारातच खुर्ची टाकून बसत. लेकीनं विमान बांधू नये असं ते कधी म्हणाले नाहीत. पण भीती वाटली की अण्णांचे हात गप्प बसत नसत. मग ते सुती फडकं घ्यायचे आणि विमानाच्या पोटाखालून, चाकांवरून, जिथं हात पोचेल तिथून पुसत राहायचे. दिवसभर पुसत राहायचे.

मला बसवायची वेळ आली तेव्हा एक अडचण निघाली. इंजिनाच्या सांगाड्यावर मला थेट बोल्टनं आवळायचं नव्हतं. मध्ये रबराच्या जाड चकत्या घालायच्या होत्या. पंख्याची थरथर सांगाड्यात उतरते. रबर ती पिऊन टाकतं, आणि माझ्यासारख्या पातळ ॲल्युमिनियमच्या अंगाला ती पोचत नाही. पण मागवलेल्या चकत्या अजून आल्या नव्हत्या, आणि इंजिन सुरू करून बघायची सगळ्यांना घाई झाली होती.

"तात्पुरता बसवू," प्रियदर्शनी म्हणाली. "जमिनीवरच तर चालवायचंय. रबर आलं की बदलू."

"व्हय, बदलू की," काका म्हणाले.

मित्रांनो, तात्पुरतं केलेलं काम किती दिवस टिकतं, ते तुम्ही आपल्या घरात एकदा बघा. रबर नंतर आलं. प्रियदर्शनीनंच सही करून ते घेतलं आणि कपाटात ठेवलं. तोवर चाकांचे ब्रेक बिघडले होते. ते झाल्यावर सरकारी तपासणी आली, मग परवानग्यांसाठी हेलपाटे. मी होतो तिथेच राहिलो, उघड्या लोखंडाला आवळलेला.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा सगळे ओरडून टाळ्या वाजवत होते. आणि मी थरथरत होतो. चार बोल्टांतून ती थरथर माझ्या अंगात शिरली आणि दोन्ही माना दुखू लागल्या. माना म्हणजे माझी दोन तोंडं, जिथे पाइप जोडतात ती वेल्डिंग केलेली जागा. त्यातला एक पाइप जरा आखूड पडला होता. इंजिन हललं की तो मला ओढायचा. मी मनाशी म्हणायचो, हे कुणाला तरी दिसू दे.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी विमान कऱ्हाडच्या धावपट्टीवर उभं होतं. प्रियदर्शनी आत बसली होती. तिच्या पायांपुढच्या पत्र्याच्या पलीकडे मी, त्यामुळे तिचा आवाज मला ऐकू येई. ती पुटपुटत णमोकार मंत्र म्हणत होती. मध्येच थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. अण्णा धावपट्टीच्या कडेला पाठ करून उभे होते. विमान उडालं तरी त्यांनी वर पाहिलं नाही. आवाज परत जवळ आला, चाकं टेकली, तेव्हा कुठे ते वळले.

त्यानंतर ती बऱ्याचदा उडाली. कृष्णा आणि कोयना जिथे भेटतात तिथली वळणं, आगाशिवाचा डोंगर, उसाचे पट्टे, साखर कारखान्यांची धुराडी. पत्र्याआडून मला ते दिसत नव्हतं, सारं पुढे तिच्याच तोंडून कळलं, पण वरचा गार वारा माझ्या पाकळ्यांतून जायचा आणि तेल छान निवायचं. माझं कौतुकही होई.

"कूलर लय भारी हाय, ताई," काका म्हणायचे. "उन्हाळ्यात सुदिक गरमीचा काटा जाग्यावर."

कौतुक ऐकून आनंद होई, पण भीतीही वाटे. कारण मला एक गोष्ट कळली होती, जी त्यांना कळली नव्हती. माझ्या डाव्या मानेच्या मुळाशी केसाइतकी बारीक भेग पडली होती. प्रत्येक उड्डाणात ती कणभर पुढे सरकत होती. ओरडावं म्हटलं तर तोंड होतं, पण आवाज नव्हता.

मग एका रविवारी अण्णांच्या फडक्याला डाग लागला.

"प्रिया, इकडं ये बघू," त्यांनी हाक मारली. "इथं तेल हाय. गेल्या रविवारी पुसलं, तवाबी असंच वाटलं होतं मला."

प्रियदर्शनी वाकून खाली आली. काकांनी बॅटरी मारली. माझ्या मानेपाशी एक थेंब जमला होता. माझ्या जिवात जीव आला. दिसलो एकदाचा!

"नट सैल झाला असंल," काका म्हणाले आणि पाना घेऊन खाली शिरले.

आता हे नीट ऐका. पाइपाचा नट आवळताना दुसऱ्या पान्यानं माझी मान धरून ठेवावी लागते, म्हणजे पीळ माझ्यावर येत नाही. वीरधवलकाकांना हे पक्कं ठाऊक होतं. नोकरीत त्यांनी ते कितीतरी वेळा केलं होतं आणि नव्या पोरांना शिकवलंही होतं. पण त्या दिवशी नाकाखाली जागा अडचणीची होती, दुसरा पाना शेडच्या पार त्या टोकाला होता, आणि दुपारी विमान पाहायला पाहुणे यायचे होते. त्यांनी एकाच पान्यानं जोर लावला. नट हलला नाही, कारण तो सैल नव्हताच. माझी मान पिळली.

भेग चिमटून बंद झाली. थेंब थांबला. त्यांनी इंजिन चालवून पाहिलं. खाली धरलेला कागद कोरडा राहिला.

"बघा, झालं," काका बाहेर येत म्हणाले.

"एकदा पुरा काढून बघायचा का?" अण्णांनी विचारलं. "मला काय त्यातलं कळत न्हाई. पन मनाला बरं वाटंल."

"अण्णा, तुम्हाला ना, सगळीकडंच गळताना दिसतं," प्रियदर्शनी म्हणाली आणि हसली. काकाही हसले. अण्णांनी फडक्याची घडी केली आणि खिशात ठेवली.

त्या हसण्याचा मला राग आला नाही. मला फक्त फार भीती वाटली.

थोड्याच दिवसांत विमानाची चाचणी-उड्डाणं पूर्ण झाली आणि बरोबर माणूस न्यायची मुभा मिळाली. पहिलं कोण बसणार, असा प्रश्न निघाला. काकांनी कपडेही बदलले होते. तेवढ्यात अण्णा पुढे आले.

"मी बसतो," ते म्हणाले.

"तुम्ही?" प्रियदर्शनीला खरंच वाटेना. "अण्णा, तुम्ही जत्रेतल्या पाळण्यात बसत नाही."

"न्हाई बसत. पन तू वर असतीस आणि मी खाली उभा असतो, ते मला आता झेपत न्हाई. त्यापरीस शेजारी बसलेलं बरं."

तिनं त्यांचा पट्टा स्वतः बांधला, दोनदा ओढून पाहिला आणि काचेचं झाकण खाली घेतलं.

सकाळ स्वच्छ होती. आम्ही पूर्वेकडे निघालो. कडेगावचे डोंगर ओलांडले, विटा मागे पडलं, आणि खालची हिरवाई विरत जाऊन करडा माळ सुरू झाला. सुरुवातीला अण्णांनी दोन्ही हातांनी बैठकीची कड धरली होती. हळूहळू त्यांनी एक हात सोडला.

"ती आपली माणगंगा का गं?" त्यांनी विचारलं. "पात्रात काय पानी दिसंना."

"हो. ते पुढं आटपाडी. डाळिंबाच्या बागा बघा, रांगोळीचे ठिपके काढल्यासारख्या."

"लय छान दिसतंय," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात नवल होतं. आणि त्याच क्षणी माझी मान उघडली.

कसं सांगू तुम्हाला? आधी एक बारीक कळ उठली. मग चिमटलेली भेग फाटली आणि कढत तेल पिचकारीसारखं बाहेर उडालं. ते पत्र्यावर आदळलं, पोटावरून मागे धावलं, सायलेन्सरच्या लालभडक नळीवर पडलं आणि त्याचा धूर झाला. मी स्वतःला आवळून धरायला बघत होतो. ॲल्युमिनियमला आवळून धरता येत नाही. ज्या तेलाला मी इतकी वर्षं सांभाळलं, ते माझ्यातूनच निसटत होतं, आणि माझ्यामागे एका पत्र्याच्या अंतरावर बाप आणि लेक बसली होती.

प्रियदर्शनीला आधी जळका वास आला. मग तिची नजर तेलाच्या दाबाच्या काट्यावर गेली. काटा खाली येत होता.

"अण्णा, पट्टा घट्ट करा."

"का गं? काय झालं?"

"तेल जातंय."

अण्णांनी बैठकीची कड पुन्हा धरली. "खोटं बोलू नगं. किती येळ हाय आपल्याकडं?"

"माहीत नाही. थोडा." तिनं इंजिनाचा जोर कमी केला. कऱ्हाड मागे राहिलं होतं, डोंगरांच्या पलीकडे. तेवढं अंतर काटायचं तर इंजिनाकडून कोरड्या अंगानं काम करून घ्यावं लागलं असतं, आणि ते डोंगरावरच जाम झालं असतं तर उतरायला काहीच उरलं नसतं. डांबरी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर होते. बागांमध्ये लोखंडी खांब आणि तारा. तिच्या तोंडून शब्द निघून गेले, "अण्णा, मला भीती वाटतेय."

"मलाबी," अण्णा म्हणाले. "मी काय करू ते सांग."

हे एवढंच बोलणं झालं. पण त्यानंतर तिचा आवाज बदलला. घाबरलेलाच होता, पण आता त्याला काम मिळालं होतं.

"तारा बघा. विजेच्या तारा. मला बाकी काही सांगू नका, नुसत्या तारा सांगा."

तिनं एक मोकळा माळ निवडला. इंजिनातून खरखर येऊ लागली होती. मग एक मोठा हिसका बसला आणि पंखा थांबला, हात वर करून उभ्या माणसासारखा. मी इतक्या वर्षांत अशी शांतता ऐकली नव्हती. फक्त वारा. माझ्या रिकाम्या नळ्यांतून तो शीळ घालत होता.

तिनं पेट्रोलची तोटी बंद केली, विजेचं बटण बंद केलं. माळ जवळ येऊ लागला.

"तारा!" अण्णा ओरडले. "डाव्या अंगाला, त्या बाभळीच्या पलीकडं! खांब दिसतोय!"

तिला तो दिसला नव्हता. तिनं विमान उजवीकडे वळवलं. तारा पंखाच्या टोकाशेजारून मागे गेल्या. आता समोर मेंढरं होती, सगळा माळ भरून. एक धनगर डोक्यावरचं मुंडासं सोडून हातात फिरवत, हाका मारत मेंढरांमध्ये घुसला. कळप दुभंगला. मध्ये वाट पडली आणि त्या वाटेत आम्ही उतरलो.

चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. पुढचं चाक दगडाला अडकून मोडलं आणि विमानाचं नाक जमिनीत घुसलं. म्हणजे मी घुसलो. माझ्या पाकळ्या चेपल्या, तोंडात माती गेली. विमान फरफटत गेलं आणि थांबलं.

आणि मग धूर. माझं सांडलेलं तेल तापल्या नळीवरून सुक्या कुसळी गवतात ठिबकत होतं आणि गवत धुमसू लागलं होतं. वर प्रियदर्शनी काचेचं झाकण ढकलत होती. सांगाडा पिळल्यामुळे ते अडकलं होतं.

"अण्णा, खांदा लावा! दोघं मिळून!"

"लावलाय गं! हलंना!"

बाहेरून पळत येणारी पावलं ऐकू आली. तो धनगर होता. केरबा त्याचं नाव.

"आवं, मागं सरा!" तो ओरडला. त्यानं हातातली काठी झाकणाच्या फटीत घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. काठी मोडली, पण झाकण उचललं गेलं. प्रियदर्शनी आधी बाहेर पडू शकली असती. तिनं वाकून अण्णांचा पट्टा सोडला, त्यांना पुढे ढकललं, केरबानं त्यांना बगलेत धरून बाहेर ओढलं, आणि मग ती उतरली. तिघं थोडं लांब पळाले. मग केरबा एकटा परत आला. दोन्ही हातांनी माती उकरून तो धुमसत्या गवतावर टाकू लागला. ते पाहून प्रियदर्शनीही आली. ती तेलकट गवतावर, गरम नळीवर, माझ्यावर मातीच्या ओंजळी फेकत होती. धूर विरला. आग लागली नाही.

अण्णा एका धोंड्यावर बसले होते. त्यांना उठता येईना.

"मेंढरांना काय लागलं का हो?" त्यांनी केरबाला विचारलं.

"पांगल्याती. येतील माघारी," केरबा म्हणाला. "तुमी बसा. पानी आनतो. म्हातारपनी कशाला असल्या इमानात बसायचं?"

"लेकीचं हाय," अण्णा म्हणाले. एवढं बोलून त्यांना रडू आलं आणि रडता रडता ते हसू लागले. प्रियदर्शनी त्यांच्या पायांशी मातीत बसली. तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. थोड्या वेळानं अण्णांनी खिशातून फोन काढला आणि घरी चंदनबालाबाईंना, म्हणजे तिच्या आईला, फोन लावला. "आमी उतरलोय," ते म्हणाले. "दोघंबी बरं हाय. जेवायला उशीर होईल." बाकीचं त्यांना फोनवर सांगता आलं नाही.

प्रियदर्शनीनं फोन केल्यावर वीरधवलकाका जीप घेऊन आले, तोवर ऊन चढलं होतं. त्यांनी अण्णांना पाहिलं, प्रियदर्शनीला पाहिलं, आणि माझ्यापाशी येऊन गुडघ्यावर बसले. माती पुसली. भेग समोर होती. तिचा अर्धा भाग जुना, काळपट, तेल मुरलेला; उरलेला नवा, चकचकीत. काळ्या भागावर त्यांनी बराच वेळ अंगठा ठेवला.

"ही आजची न्हाई," ते म्हणाले. "ही आधीच हुती. आन मी हिलाच पिळलं, ताई. एका पान्यानं. मला म्हाईत असून."

"रबर आलं होतं, काका," प्रियदर्शनी म्हणाली. "माझ्या हातानं कपाटात ठेवलं. विसरले असं म्हणता येणार नाही. कपाट उघडलं की दिसायचं. आज करू, उद्या करू म्हणत राहिले." मग तिनं वडिलांकडे पाहिलं. "आणि अण्णांना मी हसले."

तुम्हाला मी आधीच सांगितलं होतं, असं अण्णांनी म्हणायची ती वेळ होती. पण त्यांनी फडकं काढलं आणि लेकीच्या तोंडावरचं तेल पुसलं.

त्यानंतर बरेच दिवस वाईट गेले. शेडला कुलूप लागलं. काका उसात काम करत आणि शेडकडे बघायचं टाळत. प्रियदर्शनी कॉलेजात जाई, पण वर्गात इंजिनावर बोलताना मध्येच थांबे. झोपेत तिला ती शीळ ऐकू येई, थांबलेल्या पंख्यामागची. आता मी पुन्हा उडणार नाही, असं तिनं घरात सांगूनही टाकलं. मला एका पोत्यात गुंडाळून तिच्या गाडीच्या डिकीत ठेवलं होतं. अंधारात पडल्या पडल्या मला पेटीतल्या दिवसांसारखंच वाटे. आपण कुणाला नकोसे झालो आहोत, हे कळत असे.

अण्णाच एके दिवशी तिला घेऊन सांगलीतल्या एका रेडिएटरच्या दुकानात गेले. कारागिरानं मला फिरवून फिरवून पाहिलं. "वेल्डिंग मारून देतो," तो म्हणाला. "गाडीला चालंल झकास."

"विमानाला?" प्रियदर्शनीनं विचारलं.

कारागिरानं मला खाली ठेवलं. "न्हाई ताई. इमानाचं मी न्हाई सांगत."

"मग राहू दे," ती म्हणाली. बाहेर आल्यावर ती मला छातीशी धरून उभी राहिली. "अण्णा, तुम्हाला काय वाटतं? मी सोडून देऊ?"

"तुला भीती वाटती का?"

"खूप."

"मला तर लयच वाटती," अण्णा म्हणाले. "पन त्या दिवशी भीती वाटली म्हनूनच मला तारा दिसल्या. तू पुन्हा उडायचं का न्हाई, ते तू ठरव. फकस्त ह्यो कूलर गप लपवून ठेवू नगं. पोरांना दाखव."

दुसऱ्या दिवशी तिनं मला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नेलं. पोरापोरींचा सगळा वर्ग भोवती उभा राहिला. तिनं मला शिकंज्यात धरलं आणि करवतीनं मधोमध कापलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण पहिल्यांदाच माझं आतलं सगळं उजेडात आलं. तिनं भेगेवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं: आखूड पाइप, नसलेलं रबर, एक पाना, अण्णांचं फडकं, स्वतःचं हसणं. सांगताना आवाज कापत होता. तिनं तो लपवला नाही. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तेव्हा तुम्हाला भीती वाटली होती?" ती म्हणाली, "आत्ताही वाटतेय." वर्गात कुणीही हसलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं काकांना फोन केला. शेडचं कुलूप निघालं. विमानाचा सांगाडा नवा झाला, इंजिन पूर्ण खोलून बांधलं, आणि माझ्या जागी अगदी नवा कूलर आला. तो रबरावर बसला. त्याचे पाइप ऐसपैस होते. नट आवळताना काका एका हातानं पाना फिरवत आणि प्रियदर्शनी दुसऱ्या पान्यानं त्याची मान धरून ठेवी. आवळून झालं की अण्णा खाली शिरत, आणि त्यांनी "कोरडं हाय" म्हटल्याशिवाय पत्रा लावला जात नसे. ठरावीक तास झाले की कूलर पुरा उतरवायचा, गळत असो वा नसो, हेही ठरलं. हे सगळं ती वर्गात सांगे आणि मी टेबलावरून ऐकत असे. नव्या कूलरचा मला हेवा वाटला का? थोडा वाटला. पण त्याहून जास्त, त्याला माझ्यासारखी भीती वाटू नये, असं वाटलं.

एका सोमवारी ती वर्गात आली तेव्हा चेहरा उन्हानं रापलेला होता. पोरांना कुठून तरी कळलं होतं.

"मॅडम, काल उडालात?"

"हो. धावपट्टीभोवतीच. दोन चकरा."

"आणि अण्णा?"

"खाली उभे होते. या वेळी पाठ करून नाही. सारखे वर बघत होते. मान दुखली म्हणत होते रात्री." ती हसली, आणि फळ्याकडे वळून तिनं आकृती काढायला घेतली. हात मध्ये थांबला नाही.

मित्रांनो, मी आता कुठल्याच इंजिनाच्या उपयोगाचा नाही. पण तुम्हाला एक विनवणी करतो. तुमच्या घरातला गॅसचा पाइप असो, शाळेच्या बसचं चाक असो, आजोबांच्या विहिरीवरची मोटर असो, त्यात कुठे काही ओलं, सैल, नेहमीपेक्षा वेगळं दिसलं, तर ते पुसून पुढे जाऊ नका. आपल्याला त्यातलं कळत नाही, असं म्हणून गप्प बसू नका. भीती वाटली तर तिची लाज धरू नका. मोठ्या माणसांना हाताला धरून आणा, वाकून बघायला लावा. ते हसले, तर हसू द्या. आणि त्यांना पुन्हा सांगा.